वसतिगृहातील प्रार्थनामंदिर आणि कृतज्ञतेचा उपदेश : केडगावच्या मुक्तिसदनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ख्रिस्ती निवासी शाळांतील दैनंदिन किंवा साप्ताहिक उपासनेत कृतज्ञता आणि विश्वास हे उपदेशाचे नेहमीचे विषय असतात. ज्या मुलांचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण दुसऱ्याच्या देणगीवर चालते त्यांना कृतज्ञतेचा उपदेश करताना उपदेशकासमोर एक नैतिक प्रश्न उभा राहतो. या उपदेशातून मुलाचे मन मोकळे होते की ते देणाऱ्याच्या अधीन होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात अशा उपदेशाचे स्वरूप, त्याची मराठी परिभाषा आणि त्यातील प्रमुख शास्त्रपाठ यांचा परिचय करून दिला आहे. त्यानंतर पंडिता रमाबाई आणि त्यांची केडगाव (ता. दौंड) येथील मुक्तिसदन ही संस्था यांच्या आधारे वरील प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रस्तावना

बारामतीलगतच्या जळोचीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि बोधकथा असा त्याचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. ख्रिस्ती निवासी शाळेत या परिपाठाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला 'चॅपल' असते. चॅपल हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक, शाळेच्या आवारातील प्रार्थनामंदिर आणि दोन, त्या मंदिरात ठराविक वेळी होणारी उपासना. या उपासनेतील छोटा उपदेश हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. बारामती येथे ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काम केले. बारामती तालुक्याला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्तिसदन उभारले आणि ते आजही कार्यरत आहे. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना रमाबाईंचा उल्लेख होतो. परंतु त्यांच्या संस्थेत रोज काय सांगितले जात असेल आणि ते ऐकणाऱ्या मुलींच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय असेल, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. संस्था चालविणाऱ्यांना आणि वसतिगृहांशी संबंधित अध्यापकांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, हा प्रश्न महत्त्वाचा वाटेल अशी अपेक्षा आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) निवासी शाळेतील चॅपल-उपदेशाचे स्वरूप व परंपरा समजून घेणे.
२) कृतज्ञता आणि विश्वास यांसाठी मराठी ख्रिस्ती परंपरेने वापरलेल्या शब्दांचा अर्थ तपासणे.
३) रमाबाईंच्या जीवनातील व कार्यातील प्रसंगांच्या आधारे कृतज्ञता आणि स्वातंत्र्य यांचा संबंध स्पष्ट करणे.
४) आजच्या निवासी शिक्षणसंस्थांसाठी त्यातून मिळणारा बोध मांडणे.

१. चॅपल-उपदेशाचे स्वरूप

मंडळीतील म्हणजे सर्वसाधारण चर्चमधील उपदेश आणि शाळेतील उपदेश यांत फरक आहे. चर्चमध्ये वेगवेगळ्या वयांचे लोक स्वेच्छेने येतात. शाळेत श्रोते एकाच वयोगटातले असतात, वेळ थोडा असतो आणि त्यांची उपस्थिती बहुधा वेळापत्रकाने ठरलेली असते. त्यामुळे उपदेश लहान असतो आणि सहसा एकाच मुद्द्याभोवती फिरतो. त्याची बांधणी साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. प्रथम गीत आणि प्रार्थना, नंतर पवित्र शास्त्रातील एका भागाचे वाचन, त्यावर उपदेश आणि शेवटी पुन्हा प्रार्थना. उपदेशात शास्त्रातील कथा सांगितली जाते, मुलांच्या रोजच्या जीवनातील एखादा दृष्टान्त दिला जातो आणि शेवटी 'आज आपण काय करावे' हे सांगितले जाते.

ही रचना मराठी श्रोत्याला अनोळखी वाटत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी ज्या बारामती-इंदापूर मार्गाने पंढरपूरला जाते, त्या मार्गावरील गावांना कीर्तन आणि प्रवचन यांची सवय आहे. मूळ वचन घेणे, त्याचा अर्थ उलगडणे आणि आख्यानाने तो मनावर बिंबविणे ही कीर्तनाची पद्धत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) हे साम्य नेमके ओळखले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे बरेचसे कार्य अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे झाले. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, पदे आणि कीर्तने रचली. आपण तुकारामांच्या आधारे ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. मराठी ख्रिस्ती शाळांतील उपासनेला स्वतःचा सूर मिळाला, त्याचे मोठे श्रेय टिळकांच्या गीतांना द्यावे लागेल.

२. दोन परंपरा, दोन प्रकारचे श्रोते

महाराष्ट्रातील निवासी शाळांतील चॅपलचे दोन स्वतंत्र प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह इंग्लंडमधील पब्लिक स्कूलच्या परंपरेतून आला. डॉ. टॉमस अर्नोल्ड हे १८२८ ते १८४२ या काळात रग्बी शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या चॅपलमध्ये स्वतः उपदेश करणे हे त्यांनी मुख्याध्यापकाचे मध्यवर्ती काम मानले. त्यांचे उपदेश ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि अन्य शाळांसाठी आदर्श ठरले. रग्बीत अर्नोल्ड यांच्या हाताखाली शिक्षक असलेले जॉर्ज कॉटन पुढे कलकत्त्याचे बिशप झाले. त्यांच्या पुढाकाराने १८५९ साली सिमला येथे स्थापन झालेली शाळा 'कृतज्ञतेची अर्पणा' म्हणून उभी राहिली होती. १८५७ च्या उठावातून इंग्रजी सत्ता वाचली, यासाठी ती कृतज्ञता होती. ज्या घटनेला भारतीय इतिहासात स्वातंत्र्यसमर म्हणून गौरविले जाते, तिच्या पराभवाबद्दल ईश्वराचे आभार मानण्यासाठी शाळा निघाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कृतज्ञता ही वरवर निरपवाद सद्भावना वाटते. पण कोणी, कशाबद्दल आणि कोणाच्या वतीने कृतज्ञ व्हावे, हे प्रश्न तिच्यात दडलेले असतात. पुढे पाचगणी, देवळाली, पुणे येथील इंग्रजी माध्यमाच्या ख्रिस्ती निवासी शाळांत हीच चॅपलची परंपरा कमीअधिक प्रमाणात रुजली. तेथील श्रोते बहुतांशी सुस्थितीतील घरांतील होते आणि आहेत. त्यांना केलेल्या उपदेशाचा आशय 'तुम्हांला पुष्कळ मिळाले आहे, त्याची जाण ठेवा' असा असणे स्वाभाविक आहे.

दुसरा प्रवाह मराठी माध्यमाच्या मिशन बोर्डिंगांचा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे काम सुरू केले आणि त्या परिसरात शाळा व वसतिगृहे वाढली. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनंतर अनाथ मुलामुलींची संख्या वाढून या वसतिगृहांचे स्वरूप बदलले. येथील मूल शुल्क भरून आलेले नव्हते. त्याचे जगणेच दुसऱ्याने दिलेल्या अन्नावर अवलंबून होते. अशा मुलाला 'कृतज्ञ राहा' असे सांगताना त्या वाक्याचा भार वेगळा होतो. देणारा, उपदेश करणारा आणि शिस्त लावणारा हे एकाच संस्थेतील, कित्येकदा एकच व्यक्ती असत. प्रस्तुत लेखाचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या प्रवाहाशी आहे.

३. मराठी परिभाषा : उपकार, ऋण, आभार, उपकारस्तुती

उपदेशाची दिशा त्यातील शब्दांवरून कळते. मराठीत 'उपकार' या शब्दाला दोन छटा आहेत. 'तुमचे उपकार विसरणार नाही' यात आदर आहे. 'उपकाराच्या ओझ्याखाली दबणे' यात ओशाळेपण आहे. उपकार करणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर, अशी त्या शब्दाची मांडणी आहे. 'ऋण' या शब्दात फेडीची अपेक्षा आहे आणि 'उतराई होणे' या प्रयोगात त्या ऋणातून सुटण्याची इच्छा आहे. 'आभार' हा त्या मानाने सौम्य, औपचारिक शब्द आहे. 'कृतज्ञता' म्हणजे केलेले जाणणे. त्यात फेडीपेक्षा जाणिवेला महत्त्व आहे.

मराठी बायबलने 'उपकारस्तुती' हा जोडशब्द रूढ केला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तो आजही रोजच्या वापरात आहे. या शब्दात उपकार माणसाचा नसून देवाचा आहे आणि त्याची परतफेड वस्तूने किंवा आज्ञापालनाने नव्हे तर स्तुतीने करावयाची आहे. म्हणजेच ऋण आहे, परंतु सावकार नाही. याच्याच जोडीला 'कृपा' हा शब्द येतो. पात्रतेचा विचार न करता दिलेली देणगी म्हणजे कृपा. जे कमावलेले नाही आणि जे फेडताही येत नाही, त्याबद्दलची कृतज्ञता ही देणेघेणे या व्यवहाराच्या बाहेरची ठरते.

'विश्वास' या शब्दाचेही असेच आहे. व्यवहारात विश्वास म्हणजे भरवसा. 'श्रद्धा' आणि 'भक्ती' हे शब्द उपलब्ध असताना मराठी ख्रिस्ती परंपरेने मुख्यतः 'विश्वास' हा शब्द निवडला. त्यामुळे उपदेशात विश्वासाचा अर्थ एखाद्या मतावरील निष्ठा एवढाच राहत नाही. कोणावर तरी भरवसा टाकून चालणे, असा होतो. वसतिगृहातील मुलांना हा अर्थ लवकर कळत असावा. घरापासून दूर असलेल्या मुलासाठी कोणावर भरवसा ठेवायचा, हा रोजचाच प्रश्न असतो.

४. उपदेशातील प्रमुख शास्त्रपाठ

कृतज्ञतेवरील उपदेशासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पाठ लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांच्या कथेचा आहे. दहा कुष्ठरोगी येशूला दुरूनच हाक मारतात. तो त्यांना याजकांकडे जाण्यास सांगतो आणि वाटेतच ते बरे होतात. त्यांतील एकच परत येऊन देवाचा गौरव करतो आणि तो नेमका शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी परका मानलेल्या समाजातला असतो. बाकीचे नऊ कोठे, असे येशू विचारतो आणि परत आलेल्याला त्याच्या विश्वासाने तो बरा झाल्याचे सांगतो. कृतज्ञता आणि विश्वास हे दोन्ही विषय या एकाच कथेत एकत्र येतात, म्हणून ती उपदेशकांना सोयीची वाटते.

या कथेतून 'नऊ जणांसारखे कृतघ्न होऊ नका' असा बोध सहज काढता येतो. कथेकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. जे नऊ परतले नाहीत त्यांचा रोग पुन्हा उद्भवला, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. त्यांना मिळालेले आरोग्य काढून घेतले जात नाही. देणगी ही कृतज्ञतेच्या अटीवर दिलेली नव्हती. परत येणाऱ्याला जे अधिक मिळते ते देणाऱ्याशी जोडले गेलेले नाते होय. वसतिगृहात उपदेश करणाऱ्याने या कथेचा कोणता अर्थ सांगावा, यावर बरेच काही अवलंबून आहे. पहिला अर्थ मुलाला भीती घालतो, तर दुसरा त्याला निवड देतो.

दुसरा नेहमीचा पाठ पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांचा. योहानाच्या शुभवर्तमानानुसार ही शिदोरी एका मुलाजवळची आहे. येशू ती हातात घेऊन प्रथम उपकारस्तुती करतो आणि मग लोकसमुदायाला वाटतो. या कथेत मूल हे घेणारे नसून देणारे आहे. भोजनापूर्वी प्रार्थना करण्याच्या प्रथेचा अर्थ समजावताना या कथेचा आधार घेतला जातो. तिसरा पाठ हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागातील आहे. अंजिराला बहर नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावरे नाहीत, तरीही देवाच्या ठायी आनंद मानण्याचा निश्चय तेथे व्यक्त झाला आहे. अवर्षणप्रवण भागातील श्रोत्याला या भागाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मिळाल्याबद्दल आभार मानणे ही कृतज्ञता. न मिळताही भरवसा न सोडणे हा विश्वास. हा फरक स्पष्ट करण्यासाठी हा पाठ उपयोगी पडतो.

५. रमाबाई : कृतज्ञता आणि सदसद्विवेक

वर मांडलेला प्रश्न रमाबाईंनी प्रथम देणाऱ्याच्या नव्हे तर घेणाऱ्याच्या भूमिकेतून अनुभवला. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातील उपासमारीत निधन पावले. पुढे भावासह त्या देशभर पायी फिरल्या. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर, १८८३ साली, त्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. या दोघींमधील पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. आश्रय, शिक्षण आणि माया हे सर्व ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्याशी रमाबाई धर्मसिद्धान्तांवर निःसंकोच वाद घालतात, असे त्यात दिसते. त्रैक्य, ख्रिस्ताचे दैवत्व, धर्मगुरूंचा अधिकार या बाबतींत केवळ सांगितले म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. ईश्वराने दिलेला सदसद्विवेक कोणाच्याही स्वाधीन करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जेराल्डीन यांना हा हट्ट आणि काही वेळा कृतघ्नपणा वाटला. रमाबाईंच्या पत्रांत मात्र प्रेमाची आणि उपकारांची जाणीव कोठेही कमी होत नाही. त्या आजीबाईंना दुरावू इच्छीत नाहीत. त्यांच्या मायेचा मोबदला म्हणून स्वतःची बुद्धी गहाण टाकण्यास त्या तयार नाहीत, एवढेच.

कृतज्ञता आणि आज्ञाधारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे एका आश्रित स्त्रीने आश्रयदात्यांसमोर मांडले आहे. ख्रिस्ती वसतिगृहातील उपदेशाचे मूल्यमापन करण्यासाठी यापेक्षा योग्य कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही.

६. शारदासदन आणि १८९३ चा वाद

रमाबाई स्वतः देणाऱ्याच्या जागी आल्यावर त्यांची याच कसोटीवर परीक्षा झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन सुरू केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी ही निवासी शाळा होती. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले होते आणि संस्थेचे धोरण धर्मनिरपेक्ष राहील असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांसारखे सुधारक सल्लागार होते. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, ही घटना सर्वश्रुत आहे.

रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीसह सकाळी प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावलेले नव्हते; त्यांना घालवूनही दिलेले नव्हते. मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वाढत असल्याची चर्चा सुरू झाली, 'केसरी'ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंनी विचार करण्याजोगे मुद्दे होते. मी माझ्या घरात माझा धर्म पाळते, दुसऱ्या कोणाला तसे करण्यापासून रोखत नाही आणि भाग पाडतही नाही, ही रमाबाईंची भूमिका तर्काला धरून होती. दुसरीकडे, जिला आईवडिलांनी आणि सासरने टाकले आहे अशा बारा-चौदा वर्षांच्या विधवेला प्रथमच माया मिळते, तेव्हा ती माया देणाऱ्या बाईंच्या उघड्या दाराचे आकर्षण किती 'मुक्त' म्हणावे, हा सल्लागारांचा प्रश्नही निराधार नव्हता. सक्ती नसली तरी कृतज्ञता स्वतःच एक ओढ निर्माण करते. वाँटेजमध्ये रमाबाईंनी त्या ओढीला तोंड दिले ते पंचविशीत, शास्त्रार्थाची तयारी असताना. सदनातील बालिकांजवळ तशी तयारी नव्हती.

७. मुक्तिसदन : विश्वासाने चालविलेली संस्था

असोसिएशनच्या साहाय्याची मुदत संपत येत असल्याने रमाबाईंनी केडगाव येथे शेतजमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा विचार होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. स्वतः उपासमार भोगलेली असल्याने या मुलींची अवस्था आपल्याला कळते, असे त्यांनी लिहिले आहे. पुण्यातील प्लेगमुळे या मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले आणि तेथेच १८९८ पासून मुक्तिसदन आकारास आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि निवासींची संख्या दीड हजारांहून अधिक झाली. कृपासदन, प्रीतिसदन, अंध स्त्रियांसाठी बार्तमीसदन ही विभागांची नावेच तेथील उपदेशाचा सारांश सांगतात.

या काळात रमाबाईंवर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव होता. माणसांकडे मागणी न करता गरज फक्त देवाला सांगावी, हे म्यूलर यांचे तत्त्व होते. रमाबाईंनी ते आपल्या संस्थेस लागू केले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी याची साक्ष दिली आहे. या तत्त्वाचा अर्थ निष्क्रियता असा नव्हता. शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी अनेक कामे तेथे चालत आणि ती मुलीच करीत.

या व्यवस्थेचा कृतज्ञतेच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. अन्न कोणा देणगीदाराकडून नव्हे तर देवाकडून येते असे मुलीला सांगितले की देणगीदार मागे सरतो. संचालिका आणि आश्रित मुलगी दोघीही मागणाऱ्याच ठरतात. एकाच मंदिरात एकाच देवाकडे हात पसरतात. उपकारस्तुती या शब्दातील तत्त्व संस्थेच्या अर्थव्यवहारात उतरविण्याचा हा प्रयत्न होता. विश्वासाचे काम येथे स्पष्ट दिसते. तो कृतज्ञतेला माणसाच्या उपकारापासून सोडवून वर नेतो आणि त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेच्या दिशेची. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतील पितृऋण पितरांना परत करून फिटत नाही, ते पुढील पिढी घडवून फिटते; ऋषिऋण अध्ययनाने फिटते. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या रमाबाईंना ही कल्पना अपरिचित नव्हती. दुष्काळातून वाचलेल्या मुलीने पुढे आलेल्या मुलीला सांभाळणे, शिकविणे, अंध बहिणीला वाचून दाखविणे ही मुक्तिसदनातील उतराईची रीत त्या कल्पनेशी जुळते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूपूर्वी, १९२२ साली, पूर्ण झाले आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. जी उपदेश ऐकते तिला तो मूळ ग्रंथाशी ताडून पाहता यावा, अशी सोय त्यातून झाली. उपदेशकाच्या अधिकाराला मर्यादा घालण्याचा याहून प्रभावी मार्ग नाही.

जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात मोठी धार्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, त्यांचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले. या घटनेचे मूल्यमापन अभ्यासक वेगवेगळे करतात. येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, त्या काळात उपदेश करणारा आणि ऐकणारा ही विभागणी ढिली झाली आणि श्रोत्या असलेल्या मुली स्वतः बोलू लागल्या.

८. मर्यादा आणि तुलना

मुक्तिसदनाच्या व्यवस्थेने प्रश्न पूर्णपणे सुटला, असे मात्र म्हणता येत नाही. शारदासदनातील मुलीला निदान परत नेणारे पालक होते; दुष्काळातून आलेल्या मुलीला परतण्यासाठी घर नव्हते. ज्या ठिकाणाहून बाहेर पडण्याचा मार्गच नाही, तेथे दिलेल्या संमतीचे स्वरूप सावधपणे तपासावे लागते. तसेच, माणसांकडे मागणी करायची नाही असे तत्त्व असले तरी संस्थेचे वृत्त 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रिकेतून परदेशी वाचकांपर्यंत जात असे. त्या काळच्या मिशनसाहित्यात दुष्काळी मुलांची 'पूर्वीची' आणि 'नंतरची' छायाचित्रे सर्रास छापली जात. मुलाची कृतज्ञता अशा रीतीने दर्शनीय वस्तू बनली की तिच्यातील मोकळेपणा संपतो. हा दोष केवळ मिशनांचा नाही. आज वह्या किंवा सायकली वाटताना मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढणाऱ्या कोणत्याही संस्थेला तो लागू आहे.

या संदर्भात महाराष्ट्रातील अन्य दोन प्रयोग लक्षात घेण्यासारखे आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन करताना शारदासदनाच्या वादापासून धडा घेतला आणि समाजाचा विश्वास गमावणार नाही अशी सावध चौकट स्वीकारली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे त्यांनी स्वावलंबनावर भर दिला. स्वतःच्या श्रमाने शिकणारे मूल कोणाचे मिंधे राहत नाही, हा त्यामागील विचार होता. मुक्तिसदनाने विश्वासाच्या आधारे आणि रयतने श्रमाच्या आधारे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले, असे म्हणता येईल. अर्थात मुक्तीतही श्रम होते आणि रयतमध्येही, लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकले तेव्हा, हिशोबापलीकडची माया होती.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने या प्रश्नाला कायदेशीर चौकट दिली. अनुच्छेद २८ (३) अन्वये राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास लावता येत नाही. संमती कागदावर मिळविता येते. ती मनानेही मोकळी असावी, ही जबाबदारी कायद्याच्या पलीकडे शिक्षकावर राहते.

निष्कर्ष

१) निवासी शाळेतील कृतज्ञतेच्या उपदेशाचा अर्थ श्रोत्याच्या स्थितीवरून ठरतो. सुस्थितीतील मुलाला जो जाणीव देतो, तोच उपदेश आश्रित मुलाला ओझे वाटू शकतो.
२) मराठी ख्रिस्ती परंपरेतील 'उपकारस्तुती', 'कृपा' आणि 'विश्वास' या संज्ञांत कृतज्ञतेला मानवी उपकाराच्या दडपणातून मुक्त करण्याची क्षमता आहे. मात्र उपदेशकाने देवाच्या नावाने संस्थेविषयी आज्ञाधारकता मागितली तर ती क्षमता नष्ट होते.
३) वाँटेजमधील रमाबाईंनी दाखविल्याप्रमाणे कृतज्ञ व्यक्तीला मतभेदाचा पूर्ण अधिकार असतो. ज्या वसतिगृहात विद्यार्थी प्रश्न विचारू शकतो, असहमत होऊ शकतो आणि तरीही त्याचे ताट व अंथरूण सुरक्षित राहते, तेथेच कृतज्ञतेचा उपदेश प्रामाणिक ठरतो.
४) कृतज्ञतेची स्वाभाविक फेड देणाऱ्याकडे परत जाण्यात नसून पुढच्या गरजूकडे जाण्यात आहे. संस्थांनी आभारप्रदर्शनाच्या कार्यक्रमांपेक्षा अशा सेवेच्या संधींवर भर देणे अधिक योग्य होईल.

दहा कुष्ठरोग्यांपैकी एक परत आला, तो कोणी धाडला म्हणून आला नव्हता. उरलेल्या नऊ जणांना मिळालेले आरोग्य कोणी काढून घेतले नाही, म्हणूनच त्याच्या परत येण्याला मोल आहे. आपल्या वसतिगृहांतील प्रार्थना, परिपाठ आणि आभाराचे समारंभ या कसोटीवर तपासून पाहण्याचे काम अध्यापकांनीच करावयाचे आहे.